सख्खे दिसणारे शब्द : जर्मन शब्दभेदाच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोल्हापुरात जर्मन शिकणाऱ्यांचा वर्ग आता बदलला आहे. महाराष्ट्रात एके काळी ही भाषा मुख्यतः संस्कृतच्या अभ्यासकाला लागायची. ब्योटलिंक आणि रोट यांचा १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून निघालेला संस्कृतचा महाकोश जर्मन भाषेत आहे. पतंजलीच्या महाभाष्याचे संपादक कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होते. इरावती कर्वे यांनी तर बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवली. खुद्द कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी जर्मनी गाठली होती. असे तुरळक संबंध सोडले, तर जर्मन ही आपल्याकडे पंडितांची भाषा होती.

आज शिवाजी विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या खासगी वर्गात डोकावले, तर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत काम करणारे तरुण दिसतील, नर्सिंग झालेल्या मुली दिसतील, पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेले डिप्लोमाधारक दिसतील. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि जर्मन हा शब्द खेड्यापाड्यातल्या घरांत बोलला जाऊ लागला. या वाचकाला सप्रेम निमंत्रण देण्यासाठी ही प्रस्तावना आहे. विषय आहे एकमेकांत सहज मिसळणाऱ्या जर्मन शब्दांचा, म्हणजे ते कुठे मिसळतात, का मिसळतात आणि वेगळे कसे ओळखावेत याचा.

हा विषय जर्मन लोकांनाही नवा नाही. योहान आउगुस्ट एबरहार्ट यांनी १७९५ ते १८०२ या वर्षांत जर्मन समानार्थी शब्दांतले भेद उलगडणारा सहा खंडांचा ग्रंथ काढला. कोनराड डुडेन यांचा शुद्धलेखनाचा कोश १८८० साली आला. आपले राजाराम कॉलेजही त्याच वर्षीचे. पुढे डुडेनच्या नावाने निघणाऱ्या ग्रंथमालेत १९७३ साली सहज गोंधळात टाकणाऱ्या शब्दांवरच एक स्वतंत्र पुस्तक आले. ज्यांची ती मातृभाषा, त्यांनाही अशा पुस्तकाची गरज वाटली. म्हणून इथे चुकणाऱ्याने संकोचू नये.

ही पुस्तके मात्र जर्मन माणसासाठी आहेत, आणि बाजारात मिळणारी बहुतेक मार्गदर्शके इंग्रजी माणसासाठी. मराठी माणसाच्या चुका या दोघांहून वेगळ्या असतात. माझे ठाम मत असे की, आपल्या शब्दगोंधळाचा मोठा भाग जर्मनमधून येतच नाही. तो वाटेतल्या इंग्रजीतून येतो. आपण जर्मन शब्दाचा अर्थ इंग्रजीत पाठ करतो आणि तो इंग्रजी शब्द मनात मराठी करतो. जर्मनने केलेला आणि मराठीनेही केलेला भेद या दोन उड्यांत मधेच पुसला जातो.

इंग्रजीतल्या ‘नो’ या क्रियापदाचे पाहा. जर्मनमध्ये त्याच्या जागी तीन क्रियापदे येतात : ‘केनेन’, ‘विसेन’ आणि ‘क्योनेन’. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी तिन्हींपाशी अडखळतो. मराठीत विचार केला तर अडखळण्याचे कारण उरत नाही. ‘मी त्यांना ओळखतो’ इथे ‘केनेन’. ‘ते कधी येणार ते मला माहीत आहे’ इथे ‘विसेन’. ‘मला जर्मन येतं’, ‘मला पोहता येतं’ इथे ‘क्योनेन’. ओळखणे, माहीत असणे आणि येणे हे तीन वेगळे व्यवहार आहेत, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. सांधा पूर्ण जुळतो असेही नाही. ‘मला कोल्हापूर माहीत आहे’ असे आपण सहज म्हणतो. जर्मन माणूस शहराच्या बाबतीतही ‘केनेन’च वापरेल, कारण त्याच्या दृष्टीने शहराशी ओळख होते. तेवढा एक कोपरा लक्षात ठेवला की पुरते.

‘लेर्नेन’ म्हणजे शिकणे आणि ‘लेरेन’ म्हणजे शिकवणे, हेही तसेच. बसणे आणि बसवणे अशा जोड्या करणारी आपली प्रयोजक क्रियापदे हाताशी असल्यावर ‘झित्सेन’ आणि ‘झेत्सेन’, ‘लीगेन’ आणि ‘लेगेन’, ‘श्टेएन’ आणि ‘श्टेलेन’ या जोड्या परक्या वाटत नाहीत. पहिला शब्द स्थितीचा, दुसरा कृतीचा. सवय लावायची ती वेगळ्याच गोष्टीची. पुस्तक टेबलावर ‘आहे’, बाटली टेबलावर ‘आहे’, असे आपण एकाच ‘आहे’त सांगतो. जर्मनमध्ये बाटली उभी असते, पुस्तक आडवे पडलेले असते, आणि तेच पुस्तक फळीवर लावले की तेही उभे असते.

तोच आणि तसाच हा भेद मराठीला नेहमी लागतो. दोघी बहिणी ‘तीच’ साडी नेसतात म्हटले तर साडी एक आहे आणि दोघी ती आळीपाळीने नेसतात. ‘तशीच’ म्हटले तर साड्या दोन. जर्मनमध्ये ‘दासझेल्बे’ म्हणजे तेच आणि ‘दास ग्लाइशे’ म्हणजे तसेच. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द चालतो, म्हणून इंग्रजी मार्गदर्शकांना इथे पानभर खुलासा करावा लागतो. ‘झाइट’ आणि ‘फोर’ या शब्दांबद्दलही तेच. तीन वर्षांपासून, तीन वर्षांपूर्वी. पासून आणि पूर्वी यांत घोटाळा करणारा मराठी माणूस मला भेटलेला नाही. हे जर्मन शब्द इंग्रजीतून शिकलेले मात्र पुष्कळ जण घोटाळा करतात.

सर्वांत मोठा आधार लिंगाचा आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. जर्मनमध्ये तीन लिंगे असतात हे ऐकून हिंदी बोलणारा घाबरतो. मराठीत तो, ती आणि ते ही तिन्ही जिवंत आहेत. शिवाय एकच शब्द लिंग बदलून वेगळा अर्थ देतो, हा अनुभवही आपल्याला आहे. ‘वेळ गेला’ आणि ‘वेळ आली’ यांतली वेळ एक नाही. पन्हाळ्याकडे जाताना लागतो तो माळ आणि देवीच्या गळ्यात असते ती माळ. तो मान मिळतो, ती मान दुखते. तो पाठ शिकायचा, ती पाठ टेकायची. ती वीट भिंतीत जाते आणि तो वीट मनाला येतो. ज्याला हे न शिकवता येते, त्याला जर्मनमधले ‘झे’ पुल्लिंगी असले तर तळे आणि स्त्रीलिंगी असले तर समुद्र, हे नवल वाटण्याचे कारण नाही. ‘लाइटर’ पुल्लिंगी असेल तर विभागप्रमुख, स्त्रीलिंगी असेल तर शिडी. ‘गेहाल्ट’ पुल्लिंगी असेल तर आशय, नपुंसकलिंगी असेल तर पगार. नोकरीच्या करारावर सही करणाऱ्याने हा भेद जरूर पाहावा. ‘बांट’ तर पुल्लिंगी असताना ग्रंथाचा खंड असतो आणि नपुंसकलिंगी असताना फीत.

इथे एक इशारा द्यायला हवा. लिंगाची जाण आपल्याकडे आहे, याचा अर्थ मराठी शब्दाचे लिंग जर्मन शब्दाला लावता येते असा नाही. आपला सूर्य तो, त्यांची ‘झोने’ ती. मुलगी आपल्याकडे ती, त्यांचे ‘मेडशेन’ नपुंसकलिंगी. ते ऐकून कोणी नाक मुरडू नये, कारण घरातल्या मुलीला ‘पोरगं’ किंवा ‘लेकरू’ म्हणताना आपणही नपुंसकलिंगच वापरतो. एक सोय मात्र जाता जाता सांगतो. जर्मनमध्ये ‘मी’ बरोबरचे क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. घरी ‘मी आलो’ म्हणणाऱ्या कोल्हापूरच्या मुलीला आणि ‘मी आले’ म्हणणाऱ्या पुण्याच्या मुलीला तिथे एकच रूप.

अनेकवचनातही शब्द फुटतात. ‘बांक’ म्हणजे पैशाची बँक आणि बसायचा बाकही. अनेकवचनात पहिल्याचे ‘बांकेन’ होते, दुसऱ्याचे ‘बेंके’. ‘मुटर’ म्हणजे आई आणि स्क्रूवर बसणारा नटही. अनेक आया ‘म्युटर’, अनेक नट ‘मुटर्न’. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये हे उदाहरण एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. खुद्द ‘वोर्ट’ म्हणजे शब्द, याची अनेकवचने दोन : कोशातले सुटे शब्द ‘व्योर्टर’ आणि माणसाच्या तोंडून निघालेले बोल ‘वोर्टे’.

आकड्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण इथे मराठी माध्यमात शिकलेला मुलगा सरस ठरतो आणि त्याला ते कोणी सांगत नाही. जर्मन लोक त्रेचाळीस हा आकडा ‘तीन आणि चाळीस’ असा उच्चारतात. इंग्रजीतून मोजणारा विद्यार्थी हमखास चौतीस लिहितो. आपल्या त्रेचाळीसमध्ये आधी तीन आणि मग चाळीसच आहेत. एकवीस, बावीस, पंचवीस यांतही एकं आधी. फोन नंबर जोडीजोडीने ऐकून लिहिताना मराठीत मोजत राहिले तर चूक होत नाही. तसेच घड्याळाचे. ‘हाल्प द्राय’ याचा शब्दशः अर्थ अर्धा तीन, पण वेळ अडीचची. साडेतीन समजून गाडी चुकवणारे आहेत. ‘अडीच’ या शब्दाचे मूळ संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दात आहे : तिसरा अर्धाच, म्हणजे दोन पूर्ण आणि वर अर्धा. जर्मन माणूस नेमका याच पद्धतीने विचार करतो. त्याचा ‘आंडर्टहाल्प’ हा शब्द म्हणजे आपला दीड, आणि त्यातही ‘दुसरा अर्धा’ हीच कल्पना आहे. मोठ्या संख्यांत ‘मिलियार्डे’ म्हणजे अब्ज आणि ‘बिलियोन’ म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनच्या हजारपट. ड्रॉइंग वाचणाऱ्याने याच्या जोडीला आणखी एक लक्षात ठेवावे. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम वापरतात आणि हजारांना टिंब. ड्रॉइंगवर २,५०० मिलिमीटर लिहिले असेल तर माप अडीच मिलिमीटरचे आहे.

आता इंग्रजी चेहऱ्याचे शब्द. ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणे, ही उदाहरणे प्रत्येक पुस्तकात असतात आणि त्यामुळे फारसे कोणी त्यात फसत नाही. खरा धोका शिक्षणाच्या शब्दांत आहे आणि तो अर्ज भरताना समोर येतो. आपल्याकडे हायस्कूल म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. जर्मन ‘होखशूले’ म्हणजे पदवी देणारी उच्चशिक्षण संस्था. शाळेच्या रकान्यात ‘होखशूले’ लिहिणारा स्वतःबद्दल न मिळवलेल्या पात्रतेचा दावा करून बसतो. ‘ग्युम्नाझियुम’ ही पुढे विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची माध्यमिक शाळा आहे. गंगावेश किंवा मोतीबागसारख्या तालमीशी तिचा संबंध नाही. आपला डिप्लोमा दहावीनंतरचा तीन वर्षांचा, तर जर्मन ‘डिप्लोम’ ही विद्यापीठाची पदवी आणि जवळपास पदव्युत्तर दर्जाची. पॉलिटेक्निकच्या मुलाने इथे फार जपून लिहावे.

याच कुळातला ‘श्टुडेन्ट’. आपला ‘विद्यार्थी’ पहिलीतल्या मुलापासून पीएच.डी. करणाऱ्यापर्यंत सर्वांना पुरतो. जर्मनमध्ये शाळेत जातो तो ‘श्युलर’, विद्यापीठात शिकतो तो ‘श्टुडेन्ट’, आणि कारखान्यात किंवा रुग्णालयात काम करत धंदेशिक्षण घेतो तो ‘आउसत्सुबिल्डेन्डर’, बोलीत ‘आत्सुबी’. परिचारिकेच्या प्रशिक्षणाला निघालेली मुलगी मुलाखतीत ‘श्टुडीरेन’ हे क्रियापद वापरते तेव्हा समोरच्याला ती विद्यापीठात जाणार असे वाटते. तिचा व्हिसाही वेगळा, करारही वेगळा. इथे मराठी आपल्याला मदत करत नाही, म्हणून हे तीन शब्द पहिल्याच महिन्यात शिकवले पाहिजेत, असा माझा सर्व शिक्षकांना आग्रह आहे.

रुग्णालयातल्या गोंधळाचे मूळ वेगळे आहे. तिथे एकाच ‘नेमेन’ म्हणजे घेणे या क्रियापदाला निरनिराळे उपसर्ग लागतात. ‘आइननेमेन’ म्हणजे औषध घेणे, ‘आउफनेमेन’ म्हणजे रुग्णाला दाखल करून घेणे, ‘त्सूनेमेन’ म्हणजे वजन वाढणे, ‘आपनेमेन’ म्हणजे वजन कमी होणे आणि तपासणीसाठी रक्त काढणेही. शेवटचे दोन अर्थ एकाच शब्दाचे आहेत, ते वाक्यावरून ओळखायचे. संस्कृतच्या तासाला आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सारे एकाच धातूपासून निघतात हे शिकलेल्याला या पद्धतीचा धाक वाटू नये. फरक एवढाच की जर्मन उपसर्ग वाक्यात सुटून शेवटी जाऊन बसतो, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत अर्थ ठरवता येत नाही. काही क्रियापदांत तर सारा भेद आघातावर असतो. ‘उम्फारेन’मध्ये ‘उम्’वर जोर दिला तर एखाद्याला गाडीने पाडणे, ‘फा’वर जोर दिला तर त्याला वळसा घालून जाणे. ड्रायव्हिंगचा परवाना काढणाऱ्याने हे कानांनी शिकावे. कागदावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

मराठी कान कुठे कमी पडतो हेही स्पष्ट लिहायला हवे. आपण दिन आणि दीन, सुत आणि सूत हे वेगळे लिहितो, पण बोलताना इकार-उकाराच्या ऱ्हस्व-दीर्घावर आपला अर्थ फारसा अवलंबून नसतो. जर्मनमध्ये तो पूर्ण अवलंबून असतो. ‘मिटे’ म्हणजे मध्यभाग, ‘मीटे’ म्हणजे घरभाडे. ‘बिटेन’ म्हणजे विनंती करणे, ‘बीटेन’ म्हणजे देऊ करणे, आणि लांब एकाराचे ‘बेटेन’ म्हणजे प्रार्थना करणे. आखूड आकाराचे ‘श्टाट’ म्हणजे शहर आणि लांब आकाराचे ‘श्टाट’ म्हणजे राज्यसंस्था. ही जोडी देवनागरीत धड लिहिताही येत नाही. दुसरी अडचण टिंबे दिलेल्या स्वरांची. ‘शोन’ म्हणजे आधीच, ‘श्योन’ म्हणजे सुंदर. ‘द्रुकेन’ म्हणजे छापणे, ‘द्र्युकेन’ म्हणजे दाबणे किंवा ढकलणे. दारावर दुसरा शब्द असतो. इथे मी ‘यो’ आणि ‘यु’ लिहितो ती निव्वळ तडजोड आहे. मॅक्सम्युलरचे नाव आपण असेच लिहीत आलो, म्हणून ती चालते. खरा उच्चार असा : जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे. ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे तसेच. आरशासमोर आठवडाभर केले तर जमते.

याउलट ‘त्स’ हा आवाज आपल्याला आयता मिळालेला आहे. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चूल’, ‘चोर’ यांतला वेगळा. जर्मन ‘त्सेन’ म्हणजे दहा, ‘त्सुग’ म्हणजे रेल्वेगाडी, यांचा पहिला आवाज चुलीतल्या ‘च’च्या अगदी जवळ आहे. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने इथे ‘झेन’ किंवा ‘सेन’ म्हणू नये. त्याच्या घरचाच उच्चार बरोबर आहे.

काही जागी मराठी आणि इंग्रजी दोन्ही अपुऱ्या पडतात. ‘जेव्हा’ला जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. भूतकाळात एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘आल्स’, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या किंवा पुढे घडणाऱ्या गोष्टीला ‘वेन’. मराठीत ‘जेव्हा जेव्हा’ म्हणता येत असेल किंवा ‘जर’ चालत असेल, तर ‘वेन’ घ्यावे. ‘परवा’चेही असेच : मागचा परवा आणि पुढचा परवा यांना तिथे वेगळे शब्द आहेत, ‘फोरगेस्टर्न’ आणि ‘युबरमोर्गेन’. नकारार्थी प्रश्नाचे उत्तर मात्र खास लक्ष देऊन शिकावे. ‘तू जेवला नाहीस ना?’ या प्रश्नाला न जेवलेला मराठी माणूस ‘हो’ म्हणू शकतो. जर्मनमध्ये तिथे ‘नाइन’च यायला हवे. आणि जेवण झाले असेल तर ‘या’ म्हणून भागत नाही, ‘दोख’ म्हणावे लागते. इंग्रजीत याला नेमका शब्द नाही. आपल्याकडे आहे : ‘जेवलो की!’ यातला ठसक्याचा ‘की’ म्हणजे बराचसा ‘दोख’.

अभ्यासाला सुरुवात करणाऱ्याने वही दोन रकान्यांची न करता तीन रकान्यांची करावी. पहिल्यात जर्मन शब्द लिंग आणि अनेकवचनासह, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात ज्या शब्दाशी तो मिसळतो तो शब्द आणि दोघांचे एकेक पूर्ण वाक्य. इंग्रजीसाठी रकाना ठेवू नये. धंद्यातले शब्द त्या धंद्यात चालणाऱ्या मराठी नावानेच लिहावेत. फाउंड्रीतल्या माणसाने ‘मोडेल’समोर पॅटर्न लिहावे आणि ‘केर्न’समोर कोअर, कारण तो रोज तेच म्हणतो, कोशातला ‘नमुना’ किंवा ‘गाभा’ लिहिला तर साच्यापाशी उभे राहिल्यावर तो आठवणार नाही.

मराठीच्या बाजूने रचलेला जर्मन शब्दभेदांचा एक चांगला कोश आपल्याला हवा आहे. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठीचा कोश सिद्ध केला तो अनेक शास्त्र्यांच्या मदतीने, आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. आपला हा छोटा कोशही एकट्याने व्हायचा नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत, सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा श्टुटगार्टच्या एखाद्या खोलीत राहून जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वहीतल्या जोड्या आपल्या शिक्षकाकडे द्याव्यात, आणि शिक्षकांनी त्या एकत्र करून छापाव्यात, अशी माझी विनंती आहे.